ज्ञानाचा वाटा

प्राध्यापकवर्गात ज्ञानाची देवघेव होतच असणार, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे.

प्राध्यापकाला दोन प्रकारचे ज्ञान लागते. एक ग्रंथांतले, ते ग्रंथालयात मिळते. दुसरे व्यवहारातले: उद्बोधन वर्गाला अर्ज केव्हा करावा, पदोन्नतीच्या प्रस्तावाला कोणते कागद जोडावेत, संशोधन-अनुदानाचा आराखडा कसा मांडावा. हे ज्ञान नात्यागोत्यातून वाहते. ज्याचे काका-मामा प्राध्यापक, त्याला ते घरी जेवताजेवता मिळते. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. नोकरीच्या सुरुवातीला उद्बोधन वर्गाचे परिपत्रक आमच्या विभागप्रमुखांच्या खणातच राहिले. मुदत टळल्यावर मला कळले, पदोन्नती लांबली. जातीवरून मला कोणी एक शब्द बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती. ज्ञानाचा अधिकार नाकारणारी परंपरा आता खणाला कुलूप लावून काम करते.

मग विभागाचे नेतृत्व म्हणजे काय? खुर्ची म्हणजे नेतृत्व नव्हे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटल्यावर ते मान्य करणारा हा राजा. तिथले प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत संशोधन करून आले होते. कृष्णवर्णीयांच्या साहित्याची तिथे झालेली ओळख त्यांनी स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी राखून ठेवली नाही. मराठीतून सहकाऱ्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे मांडली. त्याच परिसरात 1967 साली ‘अस्मिता’ निघाले. ते पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि तिथेच मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ते अनेक दशके चालविले. एकाने आणलेले ज्ञान असे एका पिढीचे झाले.

आमच्या मालवण किनाऱ्यावर रापण ओढतात. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो. विभागातही हे अशक्य नाही. प्रत्येक परिपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे. मंजूर झालेले प्रस्ताव नव्या शिक्षकांना वाचायला द्यावेत. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपले वाचन, आपली अडचण इतरांपुढे ठेवावी. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांनाही त्या बैठकीत जागा असावी, कारण दोर तेही ओढतात.

आणि आपल्यापैकी जे आज विभागप्रमुख झाले आहेत, त्यांनी प्रथम स्वतःचा खण उघडून पाहावा. त्यात कोणाचे परिपत्रक पडून आहे?