रब्बी ज्वारी आणि जमिनीतील ओल

सोलापूर, बीड, धाराशिव या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील कोरडवाहू रब्बी ज्वारी मुख्यतः पावसाने जमिनीत साठविलेल्या ओलीवर वाढते. पेरणीनंतर पाऊस येईलच, असा भरवसा नसतो. पेरणीच्या वेळची ओल हेच या पिकाचे भांडवल होय. ते दाणा भरेपर्यंत पुरले तर कणीस भरते; आधीच सरले तर दाणा बारीक राहतो.

मुळांनी शोषलेल्या पाण्याचा फारच थोडा अंश झाडात राहतो. बाकीचे पाणी पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन हवेत जाते. परंतु याच रंध्रांतून कर्बवायू आत येतो व त्यापासून पाने अन्न तयार करतात. ऊन व कोरडा वारा वाढून ओल कमी पडू लागली की ज्वारी रंध्रे मिटते व पाने गुंडाळते. त्यायोगे पाणी वाचते, तथापि अन्ननिर्मितीही मंदावते. दाणे भरण्याच्या काळात हा ताण पडल्यास ताटे दुबळी होतात, खडखड्या रोग बळावतो आणि पीक लोळते.

यावरून मशागतीचे नियम सहज उमगतात. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. फार लवकर पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो. उशीर झाल्यास ओल अपुरी पडते. दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राखून विरळणी करावी. दाट पिकात तितक्याच ओलीला वाटेकरी अधिक होतात.

तण हाही असाच वाटेकरी होय. शिवाय काळी जमीन सुकताना भेगाळते व खोल थरातील ओल भेगांवाटे उडून जाते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केल्यास भेगा मातीने बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण याच अनुभवातून आली आहे.

कृषी सहायकांनी गावातील एखाद्या शेतात एक पट्टा न कोळपता ठेवावा. आठव्या आठवड्यानंतर दोन्ही ठिकाणी हातभर खोल खणून माती मुठीत दाबून दाखवावी. ओलीतील फरक शेतकरी बंधूंना स्वतःच्या हाताने कळेल.