कठीण पात्याला मऊ चाक

पुस्तकांचा नवा गठ्ठा शाळेत आला की कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. कड गुळगुळीत लागली तर छापखान्यातल्या कटिंग मशीनच्या पात्याला धार होती; कागदाची लव बोटाला लागली तर नव्हती. आमच्या ओळखीच्या एका छापखान्यातलं पातं धार लावून आणलं की आठवड्यात बोथट होई. मालकांना वाटे, पोलादच खोटं. आम्ही पातं उजेडात धरलं तर धारेलगत निळे-जांभळे पट्टे दिसले. पोलाद चांगलं होतं. धार लावतानाच त्याचं पाणी उतरलं होतं.

पात्याला पाणी देतात म्हणजे काय करतात? पोलाद लालभडक तापवून एकदम थंड करतात. त्यानं ते कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा बेतानं तापवतात. साध्या कार्बनी पोलादाच्या बाबतीत हे दुसरं तापवणं साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसचं असतं. पुढे कधीही याहून जास्त उष्णता लागली की कठीणपणा घटू लागतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीनुसार रंग दिसतो : आधी गवतासारखा पिवळा, मग जांभळा, ३०० अंशांच्या आसपास निळा. (वर्गात हे शिवणाच्या सुईवर दाखवता येईल. चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल करा. सावकाश निवू दिलेली सुई वाकते. लाल असतानाच पाण्यात बुडवलेली वाकवताना मोडते. डोळ्यांना चष्मा मात्र हवा.)

धार लावणाऱ्या कारागिराला विचारलं. तो अभिमानानं म्हणाला, "साहेब, पातं कडक, म्हणून चाकही कडकच घेतलं. सहा महिने झिजत नाही." नेमकं इथंच बिनसलं होतं.

ग्राइंडिंग चाक म्हणजे असंख्य टोकदार दाणे आणि त्यांना धरून ठेवणारा बंध. पोलादासाठी दाणे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे असतात आणि बंध चिनी मातीसारखा भाजलेला. चाकावर लिहिलेली 'कडक-मऊ' ही प्रत दाण्यांची नव्हे, बंधाच्या पकडीची. तिच्यासाठी ए ते झेड ही अक्षरं वापरतात. ए सर्वांत ढिली, झेड सर्वांत घट्ट. प्रत्येक दाणा ही एक चिमुकली छिन्नी. ती बोथटली की कापत नाही, नुसती घासते आणि घासण्यातून उष्णता निघते. बंध ढिला असेल तर बोथट दाण्यावरचा जोर वाढून तो निखळतो आणि त्यामागचा ताजा दाणा पुढे येतो. घट्ट बंध बोथट दाणा सोडतच नाही. फळ्यावर खडूचं असंच होतं. कडक खडू झिजत नाही, पण लिहीतही नाही, नुसता घसरतो.

कठीण पोलादावर दाणे लवकर बोथटतात, म्हणून चाक मऊ हवं. सरळ, लांब पात्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पातं टेबलावर बांधतात आणि वाटीच्या आकाराच्या चाकाची सपाट कड त्यावरून फिरते. स्पर्शाची जागा मोठी असल्यामुळे जोर पुष्कळ दाण्यांत विभागला जातो, एकेका दाण्याच्या वाट्याला तो थोडाच येतो आणि बोथट दाणे निखळत नाहीत. शिवाय थंड करणारं पाणी आत शिरत नाही. म्हणून इथं चाक आणखी मऊ, भरड आणि सच्छिद्र निवडायचं. दाणा ४६ नंबरचा आणि प्रत एच किंवा आय, ही सुरुवात चांगली. दाण्याचा नंबर म्हणजे चाळणीला एका इंचात किती भोकं, ते. नंबर वाढला की दाणा बारीक. बारीक दाण्याचं चाक चकाकी देतं, पण चटकन बुजतं आणि पातं जाळतं. चकाकी नंतर तेलाच्या दगडानं हातानं आणावी. धारेवर उरलेला पापुद्राही त्यानंच निघतो.

मग सर्वांत कठीण तो हिराच का नको? टंगस्टन कार्बाइडच्या पात्याला तो उत्तम. पण पोलाद घासताना जो ताप निर्माण होतो त्यात हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो आणि महागडं चाक झपाट्यानं संपतं. १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी घनीय बोरॉन नायट्राइड बनवलं. कठीणपणात ते हिऱ्याच्या खालोखाल, पण त्यात कार्बन नाही. हायस्पीड स्टीलला ते फार मानवतं. लहान कारखान्याला मात्र त्याची किंमत झेपेलच असं नाही.

निळं पडलेलं पातं नुसतं पुसून भागत नाही. रंग जातो, खालचा मऊ थर तसाच राहतो. आमच्या कारागिरानं तेवढा भाग हलक्या हातानं, दर फेरीला मिलिमीटरचा शंभरावा भाग असा काढून टाकला, चाक ४६-एच घेऊन आणि पाण्याची धार वाढवून. चाक पहिल्या खेपेलाच बरंच झिजलं. त्याबद्दल त्याची कुरकुर अजून चालू असते. पातं मात्र आता महिनाभर उतरवावं लागत नाही.