कासवाला शिकवता येतं?

येतं. व्हिएन्ना आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांत महाकाय कासवांना ‘आपल्या रंगाच्या चेंडूला चावलं की खाऊ’ हा धडा शिकवला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली काही कासवं नऊ वर्षांनीही चेंडूला चावायचं विसरली नव्हती! आणि एकेकट्यापेक्षा घोळक्यात ती लवकर शिकली.

मावळात मात्र ही शिकवणी घरी नकोच. ‘वास्तूला शुभ’ म्हणून लोक आणतात ते स्टार कासव पाळणं गुन्हा आहे. शिवाय ते कोरड्या माळांवरचं; लोणावळ्याच्या पावसाळी गारठ्यात त्याची छाती भरते. घाबरून पवना धरणात सोडणं तर त्याहून वाईट. त्याचे पाय पाहा: आखूड, खांबासारखे, बोटांत पडदा नाही. पोहता न येणारं कासव ते, बुडतं. वनखात्याला १९२६ वर फोन करा.