वाद्य ते मैदान : ध्वनिजोडणीचे पहिले काही मीटर

मोठ्या मैदानावरच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात आवाज बिघडला की दोष बहुधा स्पीकरना दिला जातो आणि पुढच्या वेळी आणखी पेट्या भाड्याने आणल्या जातात. परंतु आवाजाचे बरेवाईट बऱ्याच अंशी वाद्य आणि मिक्सर यांच्यामधल्या पहिल्या काही मीटर तारेतच ठरून गेलेले असते. त्या टप्प्यावर विद्युत्संकेत अत्यंत दुर्बळ असतो, आणि त्यात शिरलेली खरखर पुढच्या प्रत्येक यंत्रात मूळ सुराबरोबर तितक्याच पटीने वाढत जाते. वाद्याच्या नादाचे विद्युत्संकेतात रूपांतर करून, तो मिसळून, वाढवून श्रोत्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या सगळ्या साखळीला ‘पीए’, म्हणजे पब्लिक अ‍ॅड्रेस यंत्रणा म्हणतात.

या साखळीची गरज अंतरामुळे निर्माण होते. उघड्यावर एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे रंगमंचापासून दोन मीटरवर भरदार वाटणारी ढोलकी ६४ मीटरवर ३० डेसिबलने क्षीण झालेली असते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुमारे ५५ हजार श्रोत्यांसमोर झाला, तेव्हा भिस्त रंगमंचावरच्या १०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर आणि स्टेडियमच्या उद्घोषणा यंत्रणेवर होती. श्रोत्यांच्या कल्लोळात वादकांना स्वतःचे वाजवणेही धड ऐकू आले नाही. प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे मिक्सरला जोडण्याची आणि वादकांसाठी वेगळे स्पीकर ठेवण्याची आज सर्वमान्य असलेली पद्धत त्यानंतरच्या वर्षांत रुजली.

जोडणीतील पहिला प्रश्न संकेताच्या पातळीचा असतो. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्दाब काही सहस्रांश व्होल्ट, गिटारच्या तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपमधून येणारा काही दशांश व्होल्ट, आणि कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅडसारख्या वाद्यांचा एक व्होल्टच्या आसपास असतो. उलट स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत, ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देताना, सुमारे २८ व्होल्ट खेळत असतात. एकाच आकाराची जॅक पिन यांपैकी कोणत्याही ठिकाणी बसू शकते, आणि म्हणूनच ती कोठे बसवावी हे माहीत असणे आवश्यक ठरते. अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरसाठी असलेली जोड थेट मिक्सरमध्ये खोचली, तर मिक्सरचा तो चॅनल जळू शकतो.

दुसरा प्रश्न संरोधाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला इंपीडन्स म्हणतात त्याचा. संरोध म्हणजे बदलत्या विद्युत्प्रवाहाला मंडलाकडून होणारा विरोध. गिटारचे पिकअप हे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचे बनलेले असल्याने त्याचा संरोध मोठा असतो, तर मिक्सरच्या माइकसाठीच्या जोडीचा संरोध दोनेक हजार ओहमच असतो. या दोहोंची थेट गाठ घातली की पिकअपची बरीचशी ताकद जागच्या जागी खर्ची पडते आणि आवाजातील वरची चमक निघून जाऊन तो घोंगडीखालून आल्यासारखा मंद होतो. अकूस्टिक गिटारमध्ये बसवलेल्या, दाबावर चालणाऱ्या पिझो पिकअपच्या बाबतीत हे आणखी तीव्रतेने घडते, कारण त्यांचा संरोध त्याहूनही मोठा असतो, आणि तेथे खर्जच नाहीसा होऊन पत्र्यासारखा पातळ आवाज उरतो.

या दोन्ही प्रश्नांवरचे उत्तर एका तळहाताएवढ्या डबीत सामावलेले आहे. तिला ‘डीआय बॉक्स’, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन बॉक्स म्हणतात. वाद्याच्या बाजूने ती मोठा संरोध दाखवते, म्हणजे वाद्यावर भार टाकत नाही, आणि मिक्सरच्या बाजूने माइकसारखा लहान संरोधाचा, संतुलित संकेत देते. तिचा साधा प्रकार केवळ ट्रान्सफॉर्मरवर चालतो आणि कीबोर्डसारख्या सशक्त संकेताला पुरतो. पिझो पिकअपसाठी मात्र १० लाख ओहम किंवा त्याहून अधिक संरोधाचा सक्रिय प्रकार घ्यावा लागतो, ज्याला लागणारी वीज बॅटरीतून किंवा मिक्सरकडून माइकच्याच तारेतून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या ‘फँटम’ पुरवठ्यातून मिळते. संपूर्ण पीए साखळीत इतक्या कमी खर्चात इतका मोठा फरक पाडणारे दुसरे उपकरण क्वचितच सापडेल, आणि तरीही भाड्याच्या यादीतून काटछाट करताना तेच आधी गळते, ही खेदाची बाब आहे.

संतुलित संकेत ही संकल्पना नीट समजून घेण्याजोगी आहे. गिटारच्या साध्या तारेत एक वाहक आणि त्याभोवती एक जाळीचे आवरण असते; ही तार पाच-सहा मीटरपलीकडे नेली की आसपासच्या विजेच्या तारांचा गुणगुणाट ती टिपू लागते. संतुलित तारेत आवरणाखेरीज दोन वाहक असतात आणि त्यांतून एकच संकेत परस्परविरुद्ध ध्रुवतेने पाठवला जातो. बाहेरचा उपद्रव दोन्ही वाहकांत सारखाच शिरतो. मिक्सर मात्र फक्त दोहोंमधील फरक वाचतो, त्यामुळे विरुद्ध असलेला संकेत दुणावतो आणि सारखा असलेला उपद्रव परस्पर वजा होतो. तीन पिनांच्या एक्सएलआर जोडीची तार रंगमंचापासून मैदानाच्या मध्यावरील मिक्सरपर्यंत १०० मीटर नेता येते, ती याच युक्तीच्या बळावर.

यानंतर येतो अर्थिंगचा प्रश्न, आणि येथे आवाजाच्या गुणवत्तेपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. वाद्याचा अ‍ॅम्प्लिफायर एका ठिकाणच्या आणि मिक्सर दुसऱ्या ठिकाणच्या वीजजोडीवर चालत असेल, तर दोन्हींच्या अर्थिंगमध्ये तारेच्या आवरणातून एक बंद वेटोळे तयार होते, त्यातून प्रवाह वाहू लागतो आणि भारतातील विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेचा व तिच्या पटींचा जाड गुणगुणाट स्पीकरमधून येतो. डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ हे बटण फक्त संकेताच्या तारेतील ही जोड तोडते आणि ते सुरक्षित असते. याउलट, विजेच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणे हा गुणगुणाट थांबवण्याचा अनेक ठिकाणी दिसणारा उपाय प्राणघातक आहे. उपकरणात बिघाड झाला तर त्याचा धातूचा सांगाडा, आणि त्याला जोडलेल्या गिटारच्या तारा, विद्युत्भारित होतात आणि वादकाने ओठ माइकला लावताच मंडल त्याच्या शरीरातून पूर्ण होते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये स्वान्सी येथे रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, विजेच्या धक्क्याने मरण पावला. रंगमंच आणि मिक्सर यांची वीज एकाच पेटीतून, तपासलेल्या अर्थिंगसह घेतली, तर गुणगुणाट आणि धोका या दोहोंचे मूळच राहत नाही.

ज्या वाद्यांना पिन लावण्याची सोय नसते त्यांच्यासाठी माइक हाच मार्ग उरतो, आणि मराठी वाद्यवृंदात अशी वाद्ये पुष्कळ असतात. तबल्याला एक माइक दायाँवर आणि एक बायाँवर, वीतभर अंतरावरून रोखलेला, असा दिल्यास चाट आणि घुमारा स्वतंत्रपणे सांभाळता येतात. ढोलकीलाही दोन्ही तोंडांशी वेगळे माइक लागतात. हार्मोनियमचा माइक भात्यापासून दूर ठेवावा लागतो, नाहीतर सुरांबरोबर भात्याची धडधड आणि हवेचा फुसकाराही मैदानभर पसरतो. इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हा त्या वाद्याच्या नादाचाच भाग असल्यामुळे तेथे थेट तार न घेता अ‍ॅम्प्लिफायरच्या पडद्यासमोर माइक ठेवणे श्रेयस्कर ठरते. बेस गिटार मात्र डीआय बॉक्समधून घेतल्यास स्वच्छ मिळते. शेजारच्या दोन माइकमधील अंतर त्यांच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे, असा एक जुना आणि भरवशाचा नियम आहे, कारण एकच नाद दोन माइकमध्ये किंचित मागेपुढे पोहोचला की त्यातील काही वारंवारता परस्परांना खोडतात आणि आवाज पोकळ होतो.

या सगळ्या तारा रंगमंचावरच्या स्टेज बॉक्समध्ये येतात आणि तेथून अनेक वाहकांच्या एका जाड तारेतून, किंवा अलीकडे एकाच इथरनेट केबलमधून, मिक्सरकडे जातात. मिक्सरवर प्रत्येक चॅनलचा ‘गेन’, म्हणजे प्रारंभिक वाढ, वादकाच्या सर्वात जोरकस वाजवण्यावर ठरवावी लागते. ती कमी पडली तर नंतर फेडर, म्हणजे चॅनलचा आवाज कमीजास्त करणारी सरकती कळ, चढवताना खरखर वर येते, जास्त झाली तर आवाज फाटतो. वादकांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी सुरू होते, आणि उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की ती सुमारे ३ डेसिबल आधीच गाठली जाते. म्हणून न वाजणाऱ्या वाद्याचा माइक बंद ठेवणे हे जागरूक ध्वनिसंयोजकाचे पहिले लक्षण मानावे.

पुढचा प्रवास तुलनेने सरळ असतो. क्रॉसओव्हर साधारण १०० हर्ट्‌झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे आणि उरलेला वरच्या पेट्यांकडे वळवतो. मैदान लांब असेल तर मध्यावर आणखी स्पीकर उभारतात. मात्र ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच धावत असल्याने ३४ मीटरवरील अशा स्पीकरचा संकेत सुमारे १०० मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो, अन्यथा मागच्या श्रोत्यांना प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते.

यांपैकी एकही गोष्ट प्रेक्षक आत आल्यावर घाईने साधत नाही, आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावे लागत असल्याने, काही मोजके दिवस वगळता, उशिरा सुरू झालेल्या कार्यक्रमाला तो वेळ मागाहून भरून काढता येत नाही. आयोजकांनी म्हणूनच कार्यक्रमपत्रिका ठरवतानाच वाद्यवृंदातील वाद्यांची यादी ध्वनिसंयोजकाच्या हाती द्यावी, वीजतंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि दरवाजे उघडण्याआधीचे किमान दोन तास फक्त जोडणी व साउंड चेकसाठी राखून ठेवावेत.