हाउस्टन रस्त्यावरचे चित्रपंचांग

न्यूयॉर्कच्या वेस्ट हाउस्टन रस्त्यावर ‘फिल्म फोरम’ नावाचे जे चित्रपटगृह आहे, त्याच्या जुन्या चित्रपटांचे छापील वेळापत्रक त्या शहरातील अनेक रसिकांच्या घरी, आपल्याकडे पंचांग ज्या निष्ठेने खुंटीला टांगले जाई त्याच निष्ठेने, फ्रिजच्या दारावर डकवलेले असे. आणि चित्रपटगृह म्हणजे चित्रपट दाखविण्याची जागा, यापलीकडे ज्याने कधी विचार केला नसेल, त्याने ते एकवार वाचले, तर महिनाभराचा कार्यक्रम आखणे ही एक स्वतंत्र कला आहे, याची त्याला खात्री पटावी.

१९७० साली ही संस्था सुरू झाली तेव्हा तिची सारी मालमत्ता म्हणजे घडीच्या ५० खुर्च्या आणि एक प्रक्षेपक, आणि वर्षाच्या खर्चाची तरतूद १९,००० डॉलर. १९७२ साली कॅरेन कूपर यांनी सूत्रे हाती घेतली ती पन्नास वर्षांहून अधिक काळ सोडली नाहीत. मध्यंतरी बिऱ्हाडे बदलली; एक इमारत तर पाडली जाणार म्हणून १९८९ साली सोडावी लागली, आणि १९९० पासून मुक्काम हाउस्टन रस्त्यावर स्थिरावला. संस्था नफ्यासाठी चालविलेली नाही. तिकिटांच्या उत्पन्नाला सभासदांची वर्गणी, देणग्या व अनुदाने यांची जोड मिळते, म्हणूनच रिकाम्या खुर्च्यांची धास्ती न बाळगता एखाद्या अपरिचित दिग्दर्शकाला तारीख देण्याचे धाडस तिला परवडते.

महिन्याचा मसुदा दोन प्रवाहांतून सिद्ध होतो. व्यापारी चित्रपटगृहांत ज्यांना थारा नाही असे नवे कथापट व अनुबोधपट एकीकडे, आणि जुने चित्रपट दुसरीकडे. माझ्या मते खरा रस दुसऱ्या विभागात आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रूस गोल्डस्टीन यांनी तो सांभाळला आणि पांडित्याला खोडकरपणाची जोड दिली. स्टीव्ह स्टर्नर यांच्या पियानोच्या साथीने मूकपट दाखवावेत, एका तिकिटात दोन चित्रपट देऊन त्यांना परस्परांवर टीका करू द्यावी, आणि १९५९ सालचा ‘द टिंगलर’ हा भयपट लावताना, त्याचा निर्माता विल्यम कॅसल याने मूळ प्रदर्शनात केले होते त्याप्रमाणे, खुर्च्यांखाली कंप निर्माण करणारी यंत्रे बसवून प्रेक्षकाला ऐन भयाच्या क्षणी दचकवावे! गंभीर कलेच्या उपासकांना हा प्रकार थिल्लर वाटेल. मला तर वाटते की, ज्या कार्यक्रमपत्रिकेत असा एकही दिवस नाही, ती लवकरच उपदेशपर होते.

याच पत्रिकेत मे २०१५ मध्ये सत्यजित राय यांची अपू-त्रयी आली. तिच्या मूळ निगेटिव्हना १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीची झळ लागली होती. वर्षानुवर्षे निकामी म्हणून ठेवलेल्या त्या ठिसूळ, वितळलेल्या पट्ट्यांना इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी पुन्हा ओलावा दिला, तुटलेल्या कडा हातांनी सांधल्या, आणि ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हमधूनच वाचविला. उरलेला भाग इतर प्रतींवरून भरून काढावा लागला. अशी दुरुस्ती कितीही कुशल असली तरी ती पडद्यावर येईपर्यंत अपुरीच असते, आणि तो पडदा मिळावा यासाठी कोणीतरी आपल्या महिन्यातील भरवशाचे दिवस मोकळे करावे लागतात.

प्रक्षेपण-कक्षाचाही या नियोजनावर अंमल चालतो. पस्तीस मिलिमीटरच्या चित्रपटाचे रीळ सुमारे २,००० फुटांचे असते व ते वीस-बावीस मिनिटांत संपते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूस क्षणभर उमटणारा ठिपका पाहून चालकाने दुसरे यंत्र सुरू करायचे, आणि दुसऱ्या ठिपक्याला चित्र इकडून तिकडे वळवायचे. चित्रसंग्रहालये आपल्या दुर्मीळ प्रती देताना बहुधा हीच पद्धत पाळण्याची अट घालतात, सगळी रिळे एकत्र जोडू देत नाहीत. म्हणजे दोन यंत्रे व जाणता चालक हाताशी नसेल, तर चित्रपट निवडूनही उपयोग नाही. डिजिटल प्रतीला हा व्याप नाही, पण तिची किल्ली मुदतबंद असते. मुदत उलटली की संगणक तो चित्रपट उघडण्यास साफ नकार देतो.

मुदतीचा हा प्रश्न आपल्याकडील फिल्म सोसायट्यांनाही जाचत आला आहे. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी आणि १९६४ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या कारकिर्दीत अभिरुचीची जी मशागत केली, तिचे ऋण मोठेच आहे. परंतु सोसायटीचा खेळ बहुधा एका संध्याकाळचा, आणि चित्रपट चांगला असल्याची वार्ता कर्णोपकर्णी पसरेपर्यंत डबे परतीच्या वाटेला लागलेले असत. फिल्म फोरम नव्या चित्रपटाला साधारणतः दोन आठवडे देई, तेही कित्येकदा अपुरे पडत. गर्दी वाढत असतानाच पुढच्या चित्रपटाला दिलेली तारीख येऊन ठेपे, आणि दिलेला शब्द मोडता येत नसे. यावर तोड म्हणून २०१८ साली तेथे चौथा पडदा बांधण्यात आला, आणि पुढच्याची तारीख न मोडता चालू चित्रपटाचा मुक्काम लांबवण्याची सोय झाली.