चेहऱ्यावरील केस आणि चिकाटीचा उपचार

तळहात, तळपाय आणि ओठ एवढे भाग सोडले, तर माणसाच्या त्वचेवर जवळजवळ सर्वत्र केस असतात. स्त्रीचा चेहराही याला अपवाद नाही. फरक असतो तो केसांच्या जातीत. स्त्रीच्या गालांवर आणि ओठांवर जी मऊ, आखूड व फिकट लव असते तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण त्याच जागी राठ, काळे केस उगवू लागले, की त्या स्त्रीचे सारे वागणे बदलू लागते. ती उजेडाकडे पाठ करून बसते, बोलताना हनुवटीवर हात ठेवते, छायाचित्र काढण्याची वेळ आली की मागच्या रांगेत जाऊन उभी राहते. कित्येकींचा दिवस घरातील इतर माणसे उठण्यापूर्वी आरसा व चिमटा घेऊन सुरू होतो. हे दुःख वरवर पाहता क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच ते कोणापाशी बोलून दाखविण्याचा संकोच होतो.

या केसांवर उपाय आहेत, आणि त्यांतील काही कायमचे आहेत. मात्र ते सर्व सावकाश फळ देणारे आहेत. उपचार सुरू करणाऱ्यांपैकी अनेक जण तो अर्ध्यावर सोडतात, आणि पुष्कळदा त्याचे कारण उपचार निष्फळ ठरला हे नसून त्याचे फळ कोणत्या क्रमाने दिसते याची आधी कल्पना नसते, हे असते. म्हणून प्रथम केसाचा स्वभाव समजून घेणे इष्ट ठरेल.

लव आणि राठ केस

प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. तिला केशपुटक म्हणतात. माणूस जन्माला येतो तेव्हाच त्याची सर्व पुटके तयार असतात. पुढे नवी पुटके निर्माण होत नाहीत. यौवनारंभी रक्तातील अँड्रोजेन वर्गाच्या हॉर्मोनांचे प्रमाण वाढते आणि त्यांच्या प्रभावाने काही ठिकाणच्या पुटकांतून लवेऐवजी राठ केस येऊ लागतात. पुरुषांची दाढी याच रीतीने येते. ही हॉर्मोने स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. त्यांचे प्रमाण वाढले, किंवा प्रमाण तेवढेच राहून पुटके त्यांना अधिक संवेदनशील असली, तर स्त्रीच्या ओठांवर, हनुवटीवर व कल्ल्यांच्या जागी राठ केस येतात.

जगभरात प्रजननक्षम वयातील स्त्रियांपैकी साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांना हा त्रास असतो. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांमध्ये बहुपुटी अंडाशयाचा विकार आढळतो. या विकाराचे वर्णन स्टाइन आणि लेव्हेंथाल या अमेरिकन वैद्यांनी १९३५ साली केले. मासिक पाळीची अनियमितता, वजनवाढ व मुरुमे ही त्याची इतर लक्षणे होत. काही थोड्या स्त्रियांत अधिवृक्क ग्रंथींचा दोष किंवा एखादे औषध हे कारण असते, तर काहींत कोणताच विकार सापडत नाही. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज जाड झाला किंवा पाळी बंद पडली, तर मात्र विलंब न करता वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे. कारण अशा वेळी ग्रंथीतील गाठीची शक्यता असते.

हॉर्मोनांवर नियंत्रण ठेवणारी औषधे उपलब्ध आहेत. परंतु एकदा राठ झालेले पुटक सहसा पुन्हा लवेकडे पूर्णपणे वळत नाही. औषधे नव्या केसांना आवर घालतात, असलेले केस काहीसे बारीक करतात. पण उगवलेली दाढी पुसून टाकीत नाहीत. त्यांचा परिणाम दिसण्यास सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. त्यांतील काही औषधे गर्भाला घातक असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींनाही हाच अनुभव येतो. इस्ट्रोजेनच्या उपचाराने त्यांच्या शरीरात अनेक बदल घडतात, तथापि दाढी जात नाही. तिच्यासाठी पुटकांवरच उपचार करावा लागतो.

मुळापर्यंत पोचणारे उपचार

केस काढण्याचे घरगुती उपाय फार जुने आहेत. भारतात हळद व बेसनाचे उटणे, दोऱ्याने केस ओढणे, मेण लावणे हे प्रकार सर्वत्र चालतात. त्यांनी केस जातो, पुटक तसेच राहते. वस्तऱ्याने केस अधिक राठ होतात अशी समजूत सर्वदूर आहे, पण ती खरी नाही. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली प्रत्यक्ष मोजमापे घेऊन दाखविले, की वस्तऱ्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग वाढत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो हाताला राठ लागतो, एवढेच.

पुटक नष्ट करण्याचा पहिला विश्वसनीय मार्ग सापडला तो डोळ्यांच्या एका रोगावर उपाय शोधताना. सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांच्यापुढे पापणीचे केस आत वळून बुबुळाला खुपण्याचे दुखणे होते. केस उपटला तर तो पुन्हा येई. मिशेल यांनी केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून तीतून विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि १८७५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. शरीरातील खारट पाण्याचे या प्रवाहाने विघटन होते आणि सुईच्या टोकाशी कॉस्टिक सोडा तयार होतो. तोच मुळाचा नाश करतो. पुढे १९२०–३० च्या दशकात उच्च कंप्रतेच्या प्रवाहाने मूळ तापवून नष्ट करण्याची पद्धत निघाली, आणि नंतर दोन्ही पद्धतींचा संयोगही करण्यात आला. ही विद्युत्-चिकित्सा कोणत्याही रंगाच्या केसांवर व त्वचेवर चालते; पण एका वेळी एकच केस, हा तिचा नियम आजही कायम आहे.

या सावकाशीला कंटाळून माणसाने घातक मार्गही चोखाळले. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर एकाच वर्षाने, म्हणजे १८९६ साली, व्हिएन्नाच्या लेओपोल्ड फ्रॉइंड यांनी त्यांनी केस गळतात असे दाखविले. १९२० नंतर अमेरिकेतील सौंदर्यगृहांत हे किरण सर्रास वापरले गेले. वेदना नाही, वेळ थोडा, असा त्यांचा लौकिक होता. काही वर्षांनी त्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर सुरकुत्या, व्रण आणि कर्करोग दिसू लागले. त्वरित व निर्वेध गुण देण्याचे वचन ऐकताना हा इतिहास विसरता कामा नये.

अलीकडचा उपाय लेसरचा. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी असे तत्त्व मांडले, की योग्य तरंगलांबीचा व अल्पकाळाचा प्रकाशझोत आजूबाजूच्या ऊतींना न दुखविता ठरावीक रंगद्रव्यालाच तापवू शकतो. केसातील काळे मेलॅनिन हा प्रकाश शोषते आणि त्या उष्णतेने मूळ दुबळे होते. एका झोतात अनेक केस साधतात, हा त्याचा मोठा लाभ. पण पांढऱ्या किंवा फिकट केसांत मेलॅनिन नसते अथवा अल्प असते, म्हणून तेथे लेसर निरुपयोगी ठरतो. भारतीयांच्या सावळ्या त्वचेतही मेलॅनिन असते. ती भाजू नये किंवा तिच्यावर डाग पडू नयेत म्हणून १०६४ नॅनोमीटरसारखी लांब तरंगलांबी अधिक सुरक्षित मानतात. क्वचित, विशेषतः हॉर्मोनांचा विकार असलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर, लेसरने केस उलट वाढल्याचेही आढळले आहे. लेसरने केस दीर्घकाळ कमी होतात. सगळे केस कायमचे जातील अशी खात्री देता येत नाही.

धीर सुटतो तो कशामुळे?

केस अखंड वाढत नाही. काही काळ वाढणे, मग थोड्या दिवसांची संक्रमणावस्था, नंतर विश्रांती व गळणे असे त्याचे चक्र असते. ओठावरील केसाची वाढ काही महिनेच चालते, तर हनुवटीवरील केसाची सुमारे वर्षभर. सर्व पुटकांची चक्रे एकाच वेळी चालत नाहीत. एकीकडे केस वाढत असताना शेजारचे पुटक रिकामे व निद्रिस्त असते.

समजा, एखाद्या स्त्रीच्या हनुवटीवर राठ केसांची १,००० पुटके आहेत आणि त्यांपैकी ७०० पुटकांत आज केस आहेत. ते सातशेही केस विद्युत्-चिकित्सेने काढले, पण त्यांतील १०० पुटके पुरती नष्ट झाली नाहीत. म्हणजे ६०० पुटके कायमची गेली. उरली ४००, त्यांपैकी ३०० निद्रिस्त आणि १०० पुन्हा उभारी धरणारी. पुढील काही महिन्यांत यांतून चारशेपर्यंत केस डोके वर काढतील. ती स्त्री आरशात पाहील आणि म्हणेल, ‘निम्म्याहून अधिक परत आले, पैसा आणि वेदना दोन्ही व्यर्थ गेल्या.’ वस्तुतः कामाचा निम्म्याहून अधिक भाग पुरा झालेला असतो. जे केस ‘परत’ आले असे वाटते, त्यांतील बहुतेकांवर अजून उपचारच झालेला नसतो.

निराशेचा हा पहिला उंबरठा सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. त्याची पूर्वकल्पना असेल तर तो ओलांडता येतो. विद्युत्-चिकित्सेला एकूण वर्ष-दीड वर्ष लागणे स्वाभाविक आहे. पुरुषी दाढी पूर्ण काढायची असेल तर शंभराहून अधिक तास सुईखाली काढावे लागतात. चेहऱ्यावरील लेसरच्या बैठका साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, सहा किंवा अधिक वेळा घ्याव्या लागतात. अंतर ठेवण्याचे कारणही केसाचे चक्रच: निद्रिस्त पुटके जागी होण्याची वाट पाहावी लागते.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. लेसरपूर्वी केस उपटणे वर्ज्य असते, कारण मुळाशी केसच नसेल तर प्रकाश शोषणार कोण? मात्र वस्तरा किंवा कात्री चालते. विद्युत्-चिकित्सेसाठी तर केस चिमटीत धरता येईल इतका वाढू द्यावा लागतो. जो लपविण्यासाठी एवढी धडपड, तोच केस दोन-तीन दिवस चेहऱ्यावर बाळगून लोकांत वावरायचे! अनेक जण उपचार सोडतात ते नेमके येथेच.

चिकाटीची साधने

या अडचणींवर काही साधे उपाय अनुभवास उतरतात. सुट्टीला लागून बैठक ठरविली, की वाढलेले केस घरातच राहतात. संपूर्ण चेहरा एकदम हाती घेण्यापेक्षा आधी सर्वांत जास्त सलणारा भाग, समजा वरचा ओठ, निवडावा. तो मोकळा झाला की उरलेल्या कामाचे बळ त्यातूनच मिळते.

प्रगतीचे मोजमाप आरशावर सोपवू नये. भिंग लावलेल्या आरशात रोज पाहणाऱ्याला नेहमी उरलेलाच केस दिसतो, गेलेला दिसत नाही. त्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात छायाचित्र घ्यावे. प्रत्येक बैठकीत तोच भाग साफ करण्यास किती मिनिटे लागली, याची वहीत नोंद ठेवावी. चाळीस मिनिटांचे काम पुढे पंधरा मिनिटांत होऊ लागले, की ती नोंद कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा अधिक बोलकी ठरते.

वेदना सोसण्यात पुरुषार्थ मानण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने बधिरता आणणारे मलम आधी लावता येते, बैठक लहान करता येते. नंतरची लाली व सूज बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. फोड, खोल व्रण किंवा काळे डाग पडू लागले, तर मात्र ते चिकाटीने सोसायचे नसते. उपचार थांबवून डॉक्टरांना दाखवायचे असते. खर्चाचाही आरंभीच वर्षभराचा हिशेब मांडावा. पैशाअभावी मध्येच पडलेला खंड उत्साह फार खचवितो.

एक तरी विश्वासाचे माणूस बरोबर असावे. बहीण, मैत्रीण, पती, आई यांपैकी कोणालाही ही गोष्ट सांगितली, की तिचे अर्धे ओझे उतरते. बहुपुटी अंडाशयाच्या विकारात खिन्नता व चिंता अधिक प्रमाणात आढळतात, म्हणून मन फारच उदास राहू लागले तर मानसोपचाराचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी, उपचार कोणासाठी हा प्रश्न प्रत्येकीने स्वतःलाच विचारावा. ब्रिटनमधील हरनाम कौर या शीख तरुणीने केस काढण्याचे सर्व प्रकार अनुभवल्यावर दाढी ठेवण्याचा निर्णय घेतला आणि तो उघडपणे जगासमोर मांडला. राठ केस शरीराला अपाय करीत नाहीत. ते ठेवणे हाही एक सन्माननीय मार्ग आहे. परंतु जिला ते नको आहेत, तिनेही आपली इच्छा उथळ समजण्याचे कारण नाही. सासरच्या टोमण्यासाठी किंवा एका लग्नसमारंभासाठी सुरू केलेला उपचार तो प्रसंग संपताच ढिला पडतो. सकाळी आरसा न शोधता दिवस सुरू करता यावा, कोणाशीही समोरासमोर बसून बोलता यावे, एवढ्या साध्या इच्छेपोटी सुरू केलेला उपचार सहसा तडीस जातो. प्रत्येक बैठकीत थोडी पुटके कायमची कमी होत असतात. त्या दिवशी ते आरशात दिसत नाही, पण वर्षअखेरीस वहीतील नोंदी चाळल्या म्हणजे दिसते.