सक्करदऱ्याचं भाडं, सियाचीनचा भत्ता

नियमित सेवेत शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातला हा तिसरा स्तर, १ जानेवारी २०१६ पासूनचा. त्यावर ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ येतो, जवानांना ५,२०० आणि ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५००. खडतर सैनिकी जीवनाची ही भरपाई साध्या सरकारी नोकराला मिळत नाही.

पगारपत्रकात घरच्यांचा गोंधळ होतो तो इथेच. महागाई भत्ता मोजताना ही ५,२०० ची रक्कम मूळ वेतनात मिळवतात, म्हणजे तो २६,९०० वर निघतो. घरभाडं भत्ता मात्र निव्वळ २१,७०० वरच. बायको-मुलं नागपूरच्या सक्करदऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असतील आणि सरकारी क्वार्टर मिळालं नसेल, तर पात्र जवानाला नागपूरचा दर लागतो. नागपूर शहरांच्या ‘वाय’ वर्गात असल्याने महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून हा दर २० टक्के आहे : ४,३४० रुपये. पुणे-मुंबई ‘एक्स’ वर्गात, तिथे ३० टक्के.

सियाचीनचा भत्ता जवानाला २०१७ मध्ये महिना ३०,००० रुपये ठरला, सुरुवातीच्या मूळ वेतनाहूनही जास्त. पण तो जागेचा आहे, माणसाचा नाही. तुकडी खाली उतरली की तो थांबतो. म्हणून घराचा हप्ता या रकमेच्या भरवशावर बांधू नये, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं.

पंधरा वर्षं सेवा झाली की जवान पेन्शनला पात्र होतो. २००४ पासूनच्या नव्या पेन्शन योजनेतून सैन्यदलं वगळलेली आहेत. अग्निवीरांची चार वर्षांची व्यवस्था मात्र पूर्ण वेगळी : तिथे पेन्शन नाही, शेवटी ‘सेवा निधी’ हातात पडतो.